कार्ड, पत आणि काटकसर

काटकसर हा आपल्या घराघरांतील जुना सद्गुण होय. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ऋण काढून सण करू नये, ही शिकवण आपल्या वाडवडिलांनी कोणत्याही अर्थशास्त्राच्या पुस्तकातून घेतलेली नव्हती. ती त्यांनी शेतीवाडीत, मिठागरांत आणि नोकरीधंद्यांत सोसलेल्या अनुभवांतून घेतली होती. आज त्याच घरांतील कर्त्या मुलामुलींच्या पाकिटात एक, दोन, कधी तीन तीन क्रेडिट कार्डे असतात. घरातील वडीलधाऱ्यांना ते कार्ड म्हणजे सावकाराचे नवे रूप वाटते. तरुणांना ती केवळ एक सोय वाटते. शिवाय वापराबद्दल बक्षीस देणारी सोय! या दोन मतांत जेवणाच्या टेबलावर वाद झडतात आणि बहुधा ते अनिर्णित राहतात. आमच्या मते या वादाचे उत्तर या कार्डाच्या इतिहासातच आहे. ते कोणी, कशासाठी काढले आणि पुढे त्याला काय रूप आले, हे एकदा कळले म्हणजे ते कसे वापरावे हेही आपोआप कळते.

आरंभीच एक भेद स्पष्ट करून घेऊ. आपल्या भाषेत उधारी आणि कर्ज हे दोन वेगळे शब्द आहेत आणि त्यांचे अर्थही वेगळे आहेत. वाण्याच्या दुकानात महिनाभर वहीवर सामान न्यायचे आणि पगाराच्या दिवशी खाते चुकते करायचे, ही उधारी. तिला मुदत असते, व्याज नसते आणि तिच्या मुळाशी ओळख असते. कर्जाचे तसे नाही. ते मुदतीपलीकडे जाते, त्यावर व्याज चढते आणि व्याज हाच देणाऱ्याचा धंदा असतो. क्रेडिट कार्डाचा सारा इतिहास म्हणजे उधारीचे कर्जात रूपांतर कसे झाले याची कथा आहे, असे आम्हांला वाटते.

‘क्रेडिट कार्ड’ हा शब्द प्रथम रूढ केला तो एका कादंबरीकाराने. अमेरिकन लेखक एडवर्ड बेलमी यांची ‘लुकिंग बॅकवर्ड’ ही कादंबरी १८८८ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात त्यांनी इ. स. २००० मधील समाजाचे कल्पनाचित्र रेखाटले आहे. त्या समाजात प्रत्येक नागरिकाला राष्ट्राच्या वार्षिक उत्पन्नातील त्याचा वाटा एका कार्डावर जमा करून मिळतो आणि तो त्यातून खर्च करतो. म्हणजे शब्द जन्मला तेव्हा त्यात कर्जाचा लवलेशही नव्हता! प्रत्यक्ष व्यवहारात अमेरिकेतील मोठी दुकाने आपल्या विश्वासू गिऱ्हाइकांना धातूची ओळखचकती देऊ लागली. पुढे १९२० नंतरच्या काळात पेट्रोल कंपन्यांनीही तशी कार्डे काढली. परंतु ही सर्व त्या त्या दुकानापुरती होती. वाण्याच्या वहीचेच ते सुधारलेले रूप होते.

एकच कार्ड अनेक ठिकाणी चालावे ही कल्पना १९५० साली न्यूयॉर्कमध्ये फळाला आली. फ्रँक मॅक्नमारा आणि राल्फ श्नायडर यांनी ‘डायनर्स क्लब’ स्थापन केला. मॅक्नमारा एकदा हॉटेलात जेवावयास गेले, बिल आले आणि पाहतात तो पाकीट घरीच राहिलेले, अशी एक गोष्ट या संदर्भात सांगितली जाते. परंतु ती प्रसिद्धीसाठी रचलेली होती असे त्या कंपनीत काम केलेल्यानेच पुढे सांगितले. कार्ड पुठ्ठ्याचे होते. हॉटेलमालकाकडून बिलावर ७ टक्के घ्यावयाचे आणि सभासदाने महिन्याचे बिल महिनाअखेर पूर्ण चुकते करावयाचे, अशी व्यवस्था होती. सभासदाला बिल थकवण्याची मुभा नव्हती. १९५८ च्या ऑक्टोबरात आलेले अमेरिकन एक्स्प्रेसचे कार्डही असेच होते. वाचकांनी हा मुद्दा ध्यानात ठेवावा. पहिल्या कार्डात उधारी होती, कर्ज नव्हते.

कर्जाने या कार्डात प्रवेश केला तोही त्याच वर्षी, परंतु खंडाच्या दुसऱ्या टोकाला. कॅलिफोर्नियातील बँक ऑफ अमेरिका ही मुळात ए. पी. जियानिनी या इटालियन स्थलांतरिताच्या मुलाने १९०४ साली सॅन फ्रान्सिस्कोत ‘बँक ऑफ इटली’ या नावाने सुरू केलेली बँक. मोठ्या बँका ज्यांना दाराशी उभे करीत नसत अशा फळविक्रेत्यांना, मच्छीमारांना आणि कष्टकरी स्थलांतरितांना ती कर्ज देई. १९०६ च्या भूकंपाने शहर उद्ध्वस्त झाले, तेव्हा जियानिनींनी धक्क्यावर दोन पिंपांवर फळी टाकून बँकेचे कामकाज सुरू केले, ही गोष्ट अमेरिकेत प्रसिद्ध आहे. तेथे कर्ज घेणाऱ्याचा चेहरा देणाऱ्याला ठाऊक असे.

जियानिनी १९४९ साली वारले. १९५८ च्या सप्टेंबरात त्यांच्याच बँकेने फ्रेस्नो या शहरात ६० हजार लोकांना न मागता टपालाने कार्डे पाठविली. या योजनेचे प्रमुख होते जोसेफ विल्यम्स. या कार्डावर तीनशे ते पाचशे डॉलरची मर्यादा होती आणि महिनाअखेर बिल पूर्ण चुकते करण्याची अट नव्हती. उरलेल्या रकमेवर दरमहा दीड टक्का, म्हणजे वर्षाला १८ टक्के व्याज लागणार होते. वर्षभरात साऱ्या कॅलिफोर्नियात सुमारे २० लाख कार्डे वाटली गेली. थकबाकी ४ टक्क्यांच्या आसपास राहील असा अंदाज होता. ती २२ टक्क्यांवर गेली. पहिल्या पंधरा महिन्यांत बँकेने जाहीर केलेला तोटा ८८ लाख डॉलरचा होता. विल्यम्स यांना जावे लागले. तरीही बँकेने योजना गुंडाळली नाही, आणि १९६१ पर्यंत ती फायद्यात आली. याच कार्डाचे नाव १९७६ साली ‘व्हिसा’ झाले. प्रतिस्पर्धी बँकांनी १९६६ साली एकत्र येऊन जो संघ उभारला, त्यातून पुढे ‘मास्टरकार्ड’ आले.

फ्रेस्नोची ही घटना आम्हांला फार बोलकी वाटते. त्या दिवशी लोकांच्या हाती नुसते कार्ड पडले नाही. अर्ज न करता, कारण न सांगता, कोणासमोर उभे न राहता मिळणारे कर्ज पडले. ‘कशासाठी हवे आहेत पैसे?’ हा प्रश्नच कोणी विचारीनासे झाले. तो प्रश्न गेला तेव्हा संकोच गेला, हे खरे. अपमानही गेला, हेही खरे. आणि गरिबाचा तो अपमान काही लहान नव्हता. मात्र त्याबरोबर एक थांबाही गेला. कर्ज काढण्यापूर्वी माणूस क्षणभर थबकत असे, ते थबकणे संपले.

व्याजाचा हा प्रश्न ख्रिस्तसभेला नवा नाही. इ. स. ३२५ मध्ये निकिया येथील परिषदेने व्याज घेणाऱ्या धर्मसेवकांना पदच्युत करावे असा नियम केला. मध्ययुगात व्याजबट्ट्याचा निषेध सतत होत राहिला. परंतु नुसत्या निषेधाने गरिबाची निकड भागत नाही हेही काहींच्या लक्षात आले. म्हणून १४६२ साली इटलीतील पेरुजा येथे फ्रान्सिस्कन संन्याशांच्या प्रेरणेने गरिबांसाठी तारणपेढी उघडण्यात आली. वस्तू गहाण ठेवून तेथे अल्प दराने पैसे मिळत. हा अल्प दर म्हणजे व्याजच नव्हे काय, असा वाद उठला. अखेर १५१५ साली पोप दहावे लिओ यांच्या कारकिर्दीत पाचव्या लॅटरन परिषदेने निर्णय दिला की, पेढी चालविण्याच्या खर्चापुरते घेणे दोषास्पद नाही. १७४५ साली पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी इटलीतील बिशपांना पत्र लिहून, केवळ उसने दिल्याबद्दल अधिक मागणे अयोग्य, परंतु अन्य रास्त कारणांनी मोबदला घेता येतो, असा विवेक केला. या साऱ्या विचारात एक धागा अखंड आहे. व्याज किती, हा प्रश्न दुय्यम होता. दुसऱ्याच्या अडचणीतून नफा उपजावा काय, हा मुख्य प्रश्न होता.

त्याच परंपरेतून विसाव्या शतकाच्या आरंभी धर्मग्रामांच्या आधाराने पतसंस्था उभ्या राहिल्या. अमेरिकेतील पहिली पतसंस्था १९०८ साली न्यू हॅम्पशर राज्यातील मँचेस्टर येथे सेंट मेरीज धर्मग्रामात, मोन्सिन्यूर पिएर एव्ही यांच्या पुढाकाराने, गिरणीकामगारांसाठी निघाली. आपल्याकडे दहाच वर्षांनी, १९१८ साली, मोन्सिन्यूर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने वसईत कॅथॉलिक सहकारी बँकेचा पाया घातला गेला. माणसाची पत कागदावरून नव्हे, तर माणसावरून ठरवावी, हे या संस्थांचे सूत्र होते. कार्डाने नेमके हेच सूत्र उलटे केले.

कार्डांचा प्रसार जसा वाढला तसे कायद्यालाही जागे व्हावे लागले. १९६८ साली अमेरिकेत, कर्ज देणाऱ्याने वार्षिक व्याजदर स्पष्ट शब्दांत सांगितलाच पाहिजे असा कायदा झाला. १९७० साली न मागता कार्डे पाठविण्यावर बंदी आली आणि कार्ड हरवून गैरवापर झाल्यास मालकाची जबाबदारी ५० डॉलरपुरती ठरली. १९७४ च्या कायद्याने स्त्रियांशी होणारा भेदभाव बेकायदेशीर ठरविला. तोवर विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावाने कार्ड मिळणे दुरापास्त असे. येथे आम्हांला आपल्याच प्रांतातील एक घटना आठवते. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. त्यांचा मुख्य रोख सावकारांच्या जिवावर नव्हता. तो कर्जरोख्यांवर होता, ते हिसकावून जाळण्यावर होता. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्याने न्यायालयाला कर्जरोख्याच्या आत डोकावून मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला. देश निराळे, काळ निराळा. पण ऋणकोचे दुःख तेच. आपण नेमके किती देणे लागतो, हे त्याला कळू दिले जात नाही.

कायद्याने एक दार लावले, तेव्हा न्यायालयाने दुसरे उघडले. अमेरिकेत व्याजाची कमाल मर्यादा प्रत्येक राज्य ठरवीत असे. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, बँकेला जेथे तिचे मूळ ठाणे आहे त्या राज्याचा व्याजदर परराज्यातील गिऱ्हाइकालाही लावता येईल. १९८० साली साउथ डकोटा या लहान राज्याने व्याजाची मर्यादाच काढून टाकली आणि पुढल्याच वर्षी सिटी बँकेने आपला कार्डाचा कारभार न्यूयॉर्कहून तेथील सू फॉल्स या गावी हलविला. इतर बँका अशीच अनुकूल राज्ये शोधू लागल्या. पुढे दरमहा भरावयाची किमान रक्कमही ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांपर्यंत खाली आणली गेली. गिऱ्हाइकाला वाटले, बँकेने ओझे हलके केले. वास्तविक तिने ओझे वाहण्याची वाट लांबविली होती. अखेर २००९ साली अमेरिकेत कायदा करावा लागला की, केवळ किमान रक्कम भरल्यास देणे फिटायला किती काळ लागेल हे बिलावरच छापावे.

भारतात डायनर्स क्लबचे कार्ड १९६० च्या दशकाच्या आरंभी आले. ते मोजक्या श्रीमंतांपुरते राहिले. १९८० साली सेंट्रल बँक ऑफ इंडियाने आपले कार्ड काढले. १९९० साली सिटी बँक या क्षेत्रात उतरली आणि पगारदार मध्यमवर्गाच्या दारी कार्ड आले. व्याजमर्यादेचा वाद येथेही झाला. २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने वार्षिक ३० टक्क्यांहून अधिक व्याज आकारणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय असा निवाडा दिला होता. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. व्याजदरांचे नियमन हे रिझर्व्ह बँकेचे क्षेत्र आहे, असे त्यामागील कारण होते. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली काढलेल्या आदेशात, संमतीवाचून कार्ड देण्यास मनाई केली आणि तसे देऊन आकार लावल्यास तो परत करून त्याच्या दुप्पट दंड द्यावा असे म्हटले. किमान रक्कमच भरत राहिल्यास फेड लांबत जाईल, ही सूचना बिलावर छापणेही तिने बंधनकारक केले. अमेरिकेने जे शहाणपण ५० वर्षांत ठेचा खाऊन मिळविले, ते आपल्याला कागदावर तरी आयते मिळाले आहे.

आता हिशेबाकडे वळू. कारण काटकसर ही शेवटी हिशेबाने सिद्ध होते. समजा, कार्डावर २० हजार रुपये बाकी आहेत आणि व्याज दरमहा साडेतीन टक्के आहे. पहिल्या महिन्याचे व्याज ७०० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे १२६ रुपये. एकूण देणे २०,८२६ झाले. त्याच्या ५ टक्के किमान रक्कम, म्हणजे सुमारे १,०४१ रुपये आपण भरले. बाकी राहिली १९,७८५. म्हणजे खिशातून हजारावर रुपये गेले आणि देणे उतरले अवघे २१५ रुपयांनी! एकही नवी खरेदी न करता हाच क्रम चालू ठेवला तर २० हजारांचे देणे १० हजारांवर येण्यास ६४ महिने, म्हणजे पाच वर्षे आणि वर चार महिने लागतात. आणि तेवढ्या काळात भरलेली रक्कम ४८ हजारांच्या वर जाते. तरी निम्मे देणे शिल्लकच.

याउलट जो गृहस्थ दरमहा संपूर्ण बिल मुदतीत भरतो, त्याला खरेदीच्या दिवसानुसार वीस ते पन्नास दिवसांची बिनव्याजी मुदत मिळते. त्याच्याकडून बँकेला व्याजाचा एक पैसाही मिळत नाही. अमेरिकेतील कार्डव्यवसायात अशा ग्राहकाला उपहासाने ‘डेडबीट’ म्हणत. हा शब्द एरवी देणी बुडविणाऱ्याला लावतात. म्हणजे वेळेवर देणारा तो बुडव्या आणि वर्षानुवर्षे व्याज भरणारा तो उत्तम गिऱ्हाईक! या उलट्या कोशावरून धंद्याचे गणित कळते. विवेकी गृहस्थाने हा किताब आनंदाने स्वीकारावा, असे आम्ही म्हणतो. कारण दरमहा पूर्ण बिल भरणे म्हणजे १९५८ चे कर्ज नाकारून १९५० च्या उधारीकडे परत जाणे होय.

परंतु एवढ्याने काटकसर साधते काय? २००१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील दोन संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. बास्केटबॉलच्या सामन्याच्या तिकिटांसाठी त्यांनी बंद पाकिटातून बोली मागविल्या. रोख पैसे द्यावयाचे होते त्यांच्यापेक्षा कार्डाने देणाऱ्यांनी सरासरी सुमारे दुप्पट बोली लावली. तिकिटे तीच, माणसे त्याच वर्गातील. नोटा मोजताना हाताला जे जाणवते ते कार्ड घासताना जाणवत नाही. म्हणून व्याज न भरणारा मनुष्यही अधिक खर्च करीत असू शकतो. जे बक्षीसगुण मिळाले म्हणून आपण हरखतो, ते मिळविण्यासाठी अनावश्यक वस्तू घेतली असेल तर ती काटकसर कसली?

आणखी एक प्रश्न आहे. तो खिशाचा नाही, सदसद्विवेकाचा आहे. ही बक्षिसे येतात कोठून? एक वाटा दुकानदाराने भरलेल्या आकारातून येतो आणि दुकानदार तो मालाच्या किमतीत मिळवितो. मग ती किंमत रोखीने घेणाऱ्यालाही पडते. दुसरा वाटा थकबाकीदारांच्या व्याजातून येतो. बोस्टन येथील फेडरल रिझर्व्ह बँकेतील अर्थतज्ज्ञांनी २०१० साली अमेरिकेपुरता अंदाज मांडला की, रोखीने व्यवहार करणारे सरासरी कुटुंब या मार्गाने वर्षाला १४९ डॉलर गमावते आणि कार्ड वापरणारे सरासरी कुटुंब १,१३३ डॉलर मिळविते. आकडे तेथले आहेत. परंतु प्रवाह गरिबाकडून संपन्नाकडे वाहतो ही गोष्ट विचारात टाकणारी आहे. पेरुजाच्या संन्याशांना पडलेला प्रश्न येथे पुन्हा आपल्यासमोर उभा राहतो. दुसऱ्याच्या अडचणीतून आपला लाभ होत असेल तर त्याकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहावे? कार्ड फेकून देणे हे याचे उत्तर आहे असे आम्ही म्हणत नाही. पण आपल्या नात्यात, शेजारात कोणी तरुण किमान रकमेच्या भोवऱ्यात सापडला असेल, तर त्याला नुसता उपदेश न करता त्याच्याबरोबर बसून हिशेब मांडणे आणि आपल्या पतसंस्थेतून किंवा सहकारी बँकेतून कमी व्याजाचे कर्ज काढून ते देणे एकरकमी फेडण्यास साह्य करणे, हे आपल्याला नक्कीच जमण्यासारखे आहे. दरसाल ४२ टक्क्यांचे ओझे १२-१४ टक्क्यांवर आले तर एक संसार सावरतो.

या इतिहासातून गृहस्थाने काही साधे नेम घेण्यासारखे आहेत. घरात एकच कार्ड असावे आणि त्याची मर्यादा बँक देईल तितकी न घेता एका महिन्याच्या खर्चाइतकीच ठेवून घ्यावी. बिलाची संपूर्ण रक्कम मुदतीपूर्वी भरण्याची सूचना बचत खात्याला देऊन ठेवावी. कार्डावर रोख रक्कम कधीही काढू नये. तिच्यावर पहिल्या दिवसापासून व्याज चढते. एखाद्या महिन्यात बाकी राहिलीच, तर ती पूर्ण फिटेपर्यंत कार्ड कपाटात ठेवावे; कारण बाकी असताना नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. आणि महिनाअखेर आलेले बिल पतिपत्नींनी एकत्र बसून ओळीओळीने वाचावे. जुन्या काळी वाण्याची वही घरी आणून अशीच तपासली जात असे.

पत हा शब्द फार अर्थपूर्ण आहे. बँक जी पत देते ती अंकांत असते. ती आज वाढविता येते, उद्या काढूनही घेता येते. माणसाची पत त्याच्या शब्दाला असते. घेतलेले वेळेवर परत करणे, गरजेपुरते घेणे आणि अडलेल्याला हात देणे, यांतून ती पिढ्यान्‌पिढ्या साठत जाते. ही दुसरी पत ज्या घरात शाबूत आहे, त्या घराला पहिलीपासून भय नाही.